गेटावरचे जावई

"पाहुणा तुमचा असेल तर हाताला धरून आत आणायचा. तुमचा नसेल तर हात धरायचा नाही. मग तो कुणी का असेना."

"बाई, कलेक्टर आला तर?" पहिल्या ओळीतल्या एकानं विचारलं.

"कलेक्टर तुझा कोण?"

"कुणी न्हाई."

"मग बसू दे की मांडवात. त्याचं कुणी असेल तर येईल."

पोरं खिदळली. मी शिट्टी मारली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. गॅदरिंग तोंडावर आलं होतं, लेझीमची तालीम अर्धी राहिली होती, आणि शाळेची पी.टी.ची बाई पोरांना पाहुणे कसे आणायचे ते शिकवत होती. हेडसर चौगुले ऑफिसच्या दारात उभे राहून सगळं ऐकत होते. माणूस सज्जन, पण संस्थेच्या सचिवांचं, रावसाहेबांचं, नाव निघालं की त्यांच्या हातापायातलं बळ जायचं.

"मगदूम बाई, हे काय काढलंय नवीन? रावसाहेबांनी पास छापलेत ना? एका पोराला दोन. पास असेल तो आत, नसेल तो बाहेर. विषय संपला."

"सर, पास कुणाच्याही खिशात जाऊन बसतो. पोर तसं कुणाच्याही खिशात जात नाही."

"आणि पास नसलेला आला तर?"

"त्याचं पोर त्याला आणेल."

"मग पासाला अर्थ काय राहिला?"

"मीही तेच विचारतेय."

सरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. थंडीचे दिवस होते. "रावसाहेबांना काय सांगू?" ते म्हणाले.

"सांगा, गेट बाईंकडं आहे."

हे सगळं उगाच सुचलेलं नव्हतं. त्याला आदल्या वर्षीचं गॅदरिंग कारण होतं.

आमचं गाव वारणेच्या काठचं. शाळेचं गॅदरिंग म्हणजे गावाचाच कार्यक्रम. पोर शाळेत असो नसो, माणसं जेवणखाण उरकून पोती-सतरंज्या घेऊन यायची. म्हाताऱ्या बायका तर सकाळीच पुढची जागा धरायच्या. कधी कुणाला अडवायचा प्रश्नच आला नव्हता. त्या वर्षी चौथीतली ऋतुजा मोर झाली होती. तिची आई माला ही आमच्याच गावची लेक. नवऱ्यानं मनगट मोडलं, तेव्हा पोरीला काखेत मारून माहेरी आली होती आणि शिवणाच्या मशीनवर दोघींचं पोट भरत होती. गावाला हे सगळं माहीत होतं. पण 'नवरा-बायकोत व्हायचंच' म्हणून गावानं ते सोडून दिलं होतं.

त्या दिवशी ऋतुजाचा बाप, दिगंबर, मोटारसायकलवरून आला. आता आमच्याकडं जावई एका घराचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो. लेक भांडून माहेरी येऊन बसली तरी जावयाचा मान काही कमी होत नाही. "या पाव्हणं, बसा" म्हणत कुणी त्याला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. कुणी चहा आणून दिला. चहा पिऊन तो उठला आणि स्टेजच्या मागं गेला, तर माणसांनी सरकून वाट करून दिली. "लेकीला जरा खाऊ घेऊन देतो," म्हणाला. जावयाला कुठं निघाला म्हणून कोण विचारणार? एकानं तर पोरीला उचलून गाडीच्या टाकीवर बसवून दिलं. तो सांगायचाही नंतर, त्यात काय पाप होतं, पाव्हण्यांनी सांगितलं म्हणून बसवलं.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी पोरीला मिरजेकडच्या त्याच्या बहिणीच्या घरून परत आणलं. ती जीपमधून उतरली तेव्हा मी मालाच्या शेजारी उभी होते. पाठीचा पिसारा तसाच बांधलेला होता, फक्त मोडून एका बाजूला लोंबत होता. कुणी तो सोडलासुद्धा नव्हता. पोर कुणाशी बोलली नाही, रडली नाही. पुढं कित्येक दिवस शाळेत कुणी मागून खांद्याला हात लावला तरी दचकायची.

मग पुढच्या गॅदरिंगआधी संस्थेची बैठक झाली आणि तिच्यात ठरलं काय, तर बाहेरच्या लोकांना बंदी. सचिव रावसाहेब खराडे टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फिरस्ते येतात, कोण कुठला कळत नाही. यंदा पास. आणि सांगलीहून दोन सिक्युरिटीवाले." मी बोलायला गेले, तर म्हणाले, "बाई, तुम्ही लेझीम बघा." मला हसावं की रडावं ते कळेना. ज्यानं पोरगी नेली त्याला या गावानं चहा पाजला होता, आणि बंदी घातली ऊस तोडणाऱ्यांना. ज्यांची पोरं हंगामापुरती का होईना आमच्याच वर्गात बसत होती, त्यांना.

त्या डिसेंबरात ऋतुजा पाचवीत होती. नाचात नाव दिलं नव्हतं, लेझीमच्या तालमीला लांब नळाजवळ उभी राहून बघायची. एक दिवस तशीच जवळ आली.

"बाई, यंदा गेटावर कोन असनार?"

"मी."

"शेवटपर्यंत?"

"शेवटचा माणूस घरी जाईपर्यंत."

तिनं जरा विचार केला आणि ढिगातली एक लेझीम उचलून रांगेत जाऊन उभी राहिली. त्या रात्री मला झोप आली नाही. पोरीनं माझ्या एका शब्दावर रांगेत पाय टाकला होता. आता तो शब्द खरा करायचा तर पासांच्या भरवशावर राहून चालणार नव्हतं. गावाला गेटाबाहेर ठेवायचंही माझ्या जिवावर आलं होतं. माणसांनी गच्च भरलेलं मैदान नसेल तर पोरांनी काय भिंतीसमोर नाचायचं?

तेव्हा सुचली ती पोरांनी हात धरून आणायची गोष्ट.

गॅदरिंगच्या दिवशी मागचं फाटक साखळीनं बंद केलं आणि पुढच्या गेटाबाहेर मांडव घातला. सतरंज्या, माठ, गुळाची परात. उन्हातून आलेल्या माणसाला आमच्याकडं आधी गूळ-पाणी देतात, मग काम विचारतात. तेच केलं. माणूस आला की बसवायचं, गूळ-पाणी द्यायचं, आणि विचारायचं, "कुणाकडं आलात?" नाव सांगितलं की सातवीच्या दोन मुली आत निरोप घेऊन पळत. ते पोर येऊन आपल्या माणसाचा हात धरी आणि आत नेई. जाताना पोरानं ज्याचा हात धरून आत आणलं असेल त्याच्याबरोबरच बाहेर पडायचं. पास असो नसो.

पहिल्या तासाभरात मला घाम फुटला. हा गोंधळ निस्तरणार कसा म्हणून. मग मजा यायला लागली. तिसरीतला एक पठ्ठ्या घरातल्या माणसांबरोबर शेजाऱ्यांची म्हैस राखणाऱ्या काकांनाही घेऊन गेला. ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईनं अंगावरची चिखलाची साडी झटकत लांबूनच विचारलं, "आमी बी येऊ का, बाई?" तेवढ्यात तिची लेक नाचाच्या कपड्यांत धावत आली आणि तिला ओढत घेऊन गेली. ती बाई जाताना मागं वळून माझ्याकडं बघत होती. एका पोरानं तर सख्ख्या मामाचा हात धरायला नकार दिला, "ह्यो कान पिळतोय." मामा तिथंच बसला, गूळ खाल्ला, पुन्हा कान पिळणार नाही असं सगळ्यांदेखत कबूल केलं, तेव्हा कुठं भाच्यानं त्याला आत नेलं. माणसं पोट धरून हसली.

गावातली तीन टवाळ पोरंही आली होती. आदल्या वर्षी खुर्च्या मोडल्या त्यातलीच. त्यांना आत न्यायला कुणी येईना. एकानं दुसरीतल्या मुलीला चॉकलेट देऊन बघितलं. ती चॉकलेट घेऊन सरळ माझ्याकडं आली. "बाई, ह्यांनी दिलं. पन हे माजे कुनी न्हाईत." चॉकलेट तिला खायला सांगितलं. तिघं थोडा वेळ बसले आणि गेले.

सांगलीहून आलेले दोन सिक्युरिटीवाले काळ्या शर्टात घामाघूम होऊन उभे होते. त्यांना करायला काही कामच उरलं नाही. शेवटी एकजण माठातलं पाणी द्यायला लागला.

माला आणि तिची म्हातारी आई आल्या, तेव्हा ऋतुजा फेटा बांधून, नऊवारी नेसून आली. एका हातानं आईला, एका हातानं आजीला धरलं. आत जाताना माझ्याकडं बघून हसली. वर्षभरात ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. प्रमुख पाहुणे निवृत्त मामलेदार होते. त्यांना पहिलीतल्या दोघांनी दोन्हीकडून धरून नेलं. त्यांना ते इतकं आवडलं की खुर्चीवर बसल्यावरही ते हात सोडेनात.

ऊन कललं, आत हलगी घुमायला लागली, मांडव रिकामा होत आला. तेवढ्यात रावसाहेबांची जीप येऊन थांबली. पुढून रावसाहेब उतरले. मागून इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला दिगंबर उतरला.

मांडवातली दोन-चार माणसं उठून उभी राहिली. एकानं सवयीनं "या पाव्हणं" म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघून मिटलं.

"बाई, सरका," रावसाहेब म्हणाले. "हा माझ्याबरोबर आहे."

"या साहेब. बसा. पाणी घ्या," मी म्हणाले. "पाहुणे कुणाकडं आलेत?"

"कुणाकडं म्हणजे? गावचा जावई आहे. पास आहे त्याच्याकडं, माझ्या सहीचा." दिगंबरनं पास पुढं केला. मी घेतला नाही.

"पासाचं नाही विचारलं. इथं ज्याला पोर हात धरून नेतं तो आत जातो. सकाळपासून सगळे तसेच गेलेत. मामलेदारसाहेबही."

रावसाहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघा, मी मध्ये पडलोय. दोन्ही घरच्यांशी बोललोय. झालं गेलं विसरून आज बापलेकीची भेट घालून द्यायची, मग मालाची समजूत काढायची. संसार जोडायचं पुण्य आहे हे. तुमच्या डोक्यात कसं शिरत नाही?"

"मालाला विचारलंत?"

"तिच्या काकाला विचारलंय."

"मग यांना काकालाच भेटायला घेऊन जा. तो घरी असेल."

दिगंबर गोड आवाजात म्हणाला, "बाई, माजीच पोरगी हाय. मी काय खातोय व्हय तिला? लांबनं बघतो आन् जातो."

"गेल्या वर्षी खाऊ घेऊन देतो म्हणाला होतात."

त्याचा चेहरा उतरला नाही, उलट ताठ झाला. "मग बोलवा की तिला. तुमचाच नियम हाय न्हवं? पोर इल, हात धरंल."

रावसाहेबांना ते पटलं. "बरोबर बोलतोय. बोलवा पोरीला. होऊ दे तुमच्या नियमानंच."

आणि मी अडकले. नियम माझाच होता. पण एवढ्याशा पोरीला सचिवांच्या समोर, गावच्या माणसांच्या समोर, त्या बापाच्या पुढ्यात उभं करायचं? मोठ्या माणसांनी 'धर' म्हटलं की पोरं हात धरतात. तेच तर आम्ही त्यांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. निरोप न्यायला उभी असलेली मुलगी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी मान हलवून तिला नको म्हटलं.

"नाही बोलावणार," मी म्हणाले.

"म्हणजे नियम तुमच्या सोयीचा."

"तसं समजा."

"बाई, मी तुम्हाला डोंगरावरच्या शाखेत टाकीन. रोज दोन एस.ट्या बदलाव्या लागतील."

"तिथंही गॅदरिंग होत असेल की."

हे बोलले खरी, पण घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या. डोंगरावरच्या शाखेतून घरी यायला दिवेलागण उलटून जायची. रावसाहेब दिलेला शब्द मोडणारे नव्हते, जूनमध्ये त्यांनी तोही पाळला. पण त्या वेळी मला एकच दिसत होतं. मी सरकले असते, तर त्या पोरीनं पुन्हा कुणाच्या शब्दावर पाय टाकला नसता.

रावसाहेब सिक्युरिटीवाल्याकडं वळले. "ए, बाईंना बाजूला घ्या."

त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो जागचा हलला नाही. "साहेब, आमाला बी कुनी आत न्हेलं न्हाई. आमी सकाळपास्नं भाईरच हाय."

मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. रावसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. ते स्वतःच पुढं आले आणि त्यांनी गेटाच्या दांड्याला हात घातला. मी दुसऱ्या बाजूनं तो धरून ठेवला. सचिव आणि पी.टी.ची बाई एका दांड्याला लोंबकळतायत, असा तो देखावा. लाज वाटायची तर वाटू दे, म्हटलं.

"बाई."

मागून आवाज आला. मी वळले. ऋतुजा उभी होती. मी बोलावलं नव्हतं, पण शाळेच्या मैदानावर बातमी पसरायला किती वेळ लागतो? तिच्यामागं लेझीमची अख्खी रांग आली होती. त्या रांगेच्या मागून माला पळत येत होती आणि चौगुले सर तिच्या पाठोपाठ. ऋतुजाचा फेटा जरा कलला होता. लेझीम तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"ऋतू, तू आत जा," मी म्हणाले.

ती गेली नाही. दिगंबर खाली वाकला आणि गेटातून हात पुढं केला. "ये गं बाळा. धर हात. बाबाला न्हे की आत. सगळी बघ कशी थांबल्यात आपल्यासाठी."

"धर गं पोरी," रावसाहेब म्हणाले. "बाप आहे तो तुझा. बापाला असं ताटकळत ठेवू नये. शहाणी ना तू?"

ती त्या हाताकडं बघत राहिली. तिच्या मुठी इतक्या आवळल्या होत्या की लेझीमच्या चकत्या बारीक बारीक वाजत होत्या. मला वाटलं, आता ही धरणार. सवयीनं धरणार. पुढं होऊन तिला उचलावं आणि पळावं असं मनात आलं, पण तसं केलं असतं तर मग मीही तिला विचारलं नाही असंच झालं असतं. म्हणून मी जागेवर राहिले. आयुष्यात तेवढं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

माला येऊन पोहोचली आणि लेकीच्या मागं उभी राहिली. तिनंही खांद्याला हात लावला नाही.

ऋतुजानं मान वर केली. बापाकडं बघितलं नाही, रावसाहेबांकडंही नाही. माझ्याकडं बघून, वर्गात हजेरी देतात तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाई, माजे सगळे पाव्हणे आल्यात. गेट लावा."

दिगंबरचा हात तसाच पुढं राहिला होता, मग त्याचा त्यालाच तो मागं घ्यावा लागला. ज्या माणसानं वर्षापूर्वी पोरीला टाकीवर बसवून दिलं होतं, तो मांडवात पुढं आला आणि म्हणाला, "चला पाव्हणं, तुमाला स्टँडवर सोडतो." तो दंडाला धरूनच घेऊन गेला त्याला.

मी गेट लावलं. रावसाहेब अजून बाहेरच होते.

"बाई," ते म्हणाले, "मी या संस्थेचा सचिव आहे."

"हो साहेब."

"मग उघडा."

"उघडते की. तुम्हाला न्यायला कोण येणार, तेवढं नाव सांगा. लगेच बोलावते."

लेझीमची रांग तिथंच थांबून ऐकत होती. रावसाहेबांनी एकदा त्या पोरांवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांची नातवंडं सांगलीला इंग्रजी शाळेत होती. आमच्या पोरांपैकी एकाचंही नाव त्यांना माहीत नव्हतं.